नाशिकचं काळाराम मंदिर अर्ध्या तासात नीट बघून होतं का?

नुसतं दर्शन घ्यायचं असेल तर गर्दी नसताना वीस मिनिटांत बाहेर याल. पण तुम्ही "नीट" विचारलंय म्हणून लिहितोय.

मागे माझे साडू वेरूळ करून आमच्याकडे आले होते, मंदिरात शिरल्या शिरल्या म्हणाले, इथे कोरीवकाम कुठंय, नुसता काळा दगड. अहो, तोच तर बघायचा! रामशेजचा दगड, अठराव्या शतकाच्या शेवटी सरदार ओढेकरांनी बांधून घेतलेलं देऊळ, बारा वर्षं काम चाललं म्हणतात. मी त्यांना सरळ सभामंडपात नेऊन बसवलं. देवळासमोर हा वेगळा सुटा मंडप आहे, चारी बाजूंनी उघडा, 40 खांब, आणि त्यात मारुती रामाकडे तोंड करून उभा. त्याच्या मागे बसून गाभाऱ्याकडे बघा, मग कळतं कशासाठी बांधलंय. रामाचा एक हात छातीवर आहे तो बघा, घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. साडू जरा गप्प झाले.

निघताना पूर्व दरवाज्यात मी 2 मार्च 1930 चा विषय काढला, बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, बंद केलेले दरवाजे, दलितांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून पुढे वर्षानुवर्षं चाललेला सत्याग्रह, तर म्हणाले देवळात आलोय, राजकारण कशाला. तिथे माझं डोकं फिरलं. माझे आजोबा पंचवटीतलेच, तेव्हा सोळा वर्षांचे, आणि ते आत होते. आतल्या बाजूला. जन्मभर त्यावर बोलले नाहीत, फक्त शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाले, "दार आम्ही लावलं होतं रे." मग मी ते कसं वगळू? ज्याला हे राजकारण वाटतं त्याने खांब मोजून घरी जावं, मी स्पष्टच सांगतो. साडूंशी त्यानंतर या विषयावर बोलणं नाही.

जमलं तर चैत्रात या, पाडव्यापासून नवरात्र असतं, रामनवमीनंतर एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात, रथाकडे तोंड करून मानकरी अख्खी वाट उलटे चालतात. फक्त त्या दिवशी वास्तू बघायचं डोक्यात ठेवू नका, पाय ठेवायला जागा नसते. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी येऊ नका, अंगणातली फरशी जाम तापते, सकाळी लवकर या. मुलं बरोबर असतील तर चपला काढतानाच त्यांना दरवाज्याचं सांगा, आत गेल्यावर राहून जातं.