विमानवाहू जहाजावर डाइव्ह बॉम्बर आणि टॉर्पेडो बॉम्बर अशी दोन वेगळी विमानं का ठेवत?

थोडक्यात सांगायचं तर इंजिनांत तेवढा दम नव्हता. पण एवढ्यावर थांबलं तर गंमतच निघून जाते.

दुसऱ्या महायुद्धात विमानवाहू जहाजांवर जागेची एवढी मारामार, मग शत्रूची जहाजं बुडवायला दोन वेगळ्या जातीची विमानं कशाला बाळगायची, असा तुमचा प्रश्न आहे. मी या विमानांची प्लास्टिकची मॉडेलं जोडतो. दोन्ही जाती शेजारीशेजारी ठेवल्या की निम्मं उत्तर नुसतं बघूनच मिळतं. तरी विमान जरा बाजूला ठेवा, आधी ते काय वाहून नेतंय ते बघा.

जहाज ताशी पन्नासेक किलोमीटरने पळतं आणि उंचावरून सोडलेला बॉम्ब खाली येईस्तोवर वळून मोकळं होतं. जून 1942 मध्ये पॅसिफिकमधल्या मिडवे बेटापाशी अमेरिका-जपान लढाई झाली, तीत अमेरिकेच्या बी-17 विमानांनी उंचावरून ढिगाने बॉम्ब टाकले, जपानी विमानवाहू जहाजांना एकही लागला नाही. यावर उपाय म्हणजे विहिरीत मारतात तसा सूर मारायचा, हेच डाइव्ह बॉम्बरचं काम. पंधरा-वीस हजार फुटांवरून साधारण 70 अंशांत खाली यायचं, दीड-दोन हजार फुटांवर बॉम्ब सोडायचा आणि विमान वर उचलायचं. नेम धरायचा तो विमानाच्या नाकानेच.

अडचण ही की अशा सुरात वेग हाताबाहेर जातो. त्यासाठी पंखांना ब्रेकसारखे फ्लॅप हवेत. अमेरिकेच्या डॉन्टलेस या डाइव्ह बॉम्बरचा पूर्वज बीटी-1, त्याचे फ्लॅप उघडले की शेपूट थडथडायचं. मग त्या फ्लॅपना ओळीने भोकं पाडली आणि थरथर आटोक्यात आली. (मॉडेलवर ती भोकं सुईने कोरण्यात माझे दोन रविवार गेले, म्हणून हा तपशील मी जन्मात विसरणार नाही.) दुसरी युक्ती पोटाखाली होती. एवढ्या तिरक्या सुरात बॉम्ब नुसता सोडला तर आपल्याच नाकावरच्या पंख्यावर आदळायचा. म्हणून तो एका पाळण्यात टांगत, आणि पाळणा झोका देऊन त्याला पंख्याच्या घेराबाहेर सोडत असे.

टॉर्पेडो म्हणजे पाण्यातून स्वतः पळत जाऊन जहाजावर आदळणारा बॉम्ब. त्याचं सगळंच उलटं. तो टनभर वजनाचा, लांबलचक, आत नाजूक यंत्रणा. जोरात पाण्यावर आपटला तर फुटतो, भरकटतो किंवा सरळ तळ गाठतो. अमेरिकेचा मार्क 13 टॉर्पेडो 1942 मध्ये शंभर फुटांच्या आत उतरून, ताशी 200 किलोमीटरच्या आसपास सोडावा लागे. म्हणजे तोफा आणि लढाऊ विमानं अंगावर घेत, सरळ रेषेत, रमतगमत गेल्यासारखं जायचं. वर हा टॉर्पेडो पाण्यात ताशी जेमतेम 62 किलोमीटर पळायचा. वेगवान जहाजाने पाठ फिरवली तर त्याला गाठता गाठता नाकी नऊ यायचे.

तो वाहणारं डिव्हास्टेटर 1937 मध्ये सेवेत आलं तेव्हा आधुनिक होतं. 900 अश्वशक्तीच्या इंजिनावर दोन-तीन माणसं आणि टनभर ओझं. 4 जून 1942 ला मिडवेपाशी अशी 41 विमानं गेली, त्यांतली मोजकीच परतली. हॉर्नेट जहाजावरच्या तुकडीची पंधराच्या पंधरा पडली आणि तीस जणांतला जॉर्ज गे एकटा वाचला. जपानी जहाजांना टॉर्पेडो एकही लागला नाही. त्याच सकाळी डॉन्टलेसनी काही मिनिटांत आकागी, कागा आणि सोर्यू ही जपानी विमानवाहू जहाजं पेटवली, आणि संध्याकाळी हिर्यू.

टॉर्पेडोवाल्यांनी जपानी झिरो विमानांना खाली ओढलं आणि वरचं आकाश मोकळं झालं, असं नेहमी सांगतात. माझ्या मते हे अर्धसत्य आहे. हॉर्नेटची तुकडी जवळजवळ तासभर आधी मारली गेली होती. तेवढ्यात झिरो परत वर चढू शकले असते. ऐन वेळी त्यांना खाली गुंतवलं ते यॉर्कटाउन जहाजावरच्या तुकडीने. आधीच्यांनी जपान्यांना सतत वळायला, झिरो उतरवायला-चढवायला लावून उलटा हल्ला चढवण्याची उसंत मिळू दिली नाही, आणि माझ्या लेखी तेही थोडं नाही.

जपानी मात्र या दोन्ही कामांत तेव्हा पुढे होते. पर्ल हार्बरचं पाणी जेमतेम 12 मीटर खोल, टॉर्पेडो चिखलात रुतायची भीती. त्यांनी शेपटीला लाकडी पाती जोडून तो प्रश्न सोडवला आणि 40 केट विमानांनी टॉर्पेडो टाकले. त्यांची व्हॅल ही डाइव्ह बॉम्बर विमानं चाकं आत न घेता उडायची, दिसायला जुनाट, पण नेम असा की एप्रिल 1942 मध्ये श्रीलंकेच्या नैर्ऋत्येला डॉर्सेटशर आणि कॉर्नवॉल या ब्रिटिश क्रूझर त्यांनी वीसेक मिनिटांत बुडवल्या. चार दिवसांनी बट्टिकलोआजवळ हर्मीस हे विमानवाहू जहाजही गेलं. तेच नाव पुढे दुसऱ्या जहाजाला मिळालं आणि ते आपल्याकडे ‘विराट’ म्हणून आलं. याच मोहिमेत र्यूजो जहाजावरच्या विमानांनी 6 एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडावर बॉम्ब टाकले होते.

डिव्हास्टेटरच्या जागी ॲव्हेंजर आलं. इंजिन 1,700 अश्वशक्तीचं, टॉर्पेडो पोटाच्या आत. त्याचे पंख मागे वळून अंगालगत मिटायचे. हा बिजागर कसा बसवावा हे ते बनवणाऱ्या कंपनीच्या लिरॉय ग्रुमन यांनी खोडरबरात कागदाच्या क्लिपा खोचून शोधलं होतं. पण मिडवेला गेलेल्या पहिल्या सहा ॲव्हेंजरपैकी पाच पडली. विमान बदललं तरी टॉर्पेडो जुनाच, मग दुसरं काय होणार? खरा फरक पडला तो टॉर्पेडोच्या तोंडाला लाकडी कडं आणि शेपटीला वेढणी बसवल्यावर. मग तो सातआठशे फुटांवरून, ताशी 400 किलोमीटरच्या वर वेगातही नीट पडू लागला. एप्रिल 1945 मध्ये जगातली सर्वांत मोठी युद्धनौका यामातो बुडाली तेव्हा अमेरिकेची फक्त 10 विमानं गेली. (संख्याबळाचाही वाटा होता, नाकारत नाही.)

आता तुमच्या ‘एकच विमान का नाही’कडे येतो. इंजिनांत दम आला की दोन्ही कामं एकाच विमानाला पेलतात, आणि शेवटी तेच झालं. जपानने र्यूसेई हे दोन्ही कामांचं विमान केलं, पण ते तयार होईस्तोवर ते उडवायला जहाजंच उरली नव्हती. अमेरिकेत डॉन्टलेस घडवणाऱ्याच एड हाइनमन यांनी स्कायरेडर काढलं. मार्च 1945 मध्ये ते पहिल्यांदा उडालं. एक वैमानिक, आणि इंजिन डिव्हास्टेटरच्या अडीचपटीहून ताकदवान. त्यावर बॉम्ब टांगा नाहीतर टॉर्पेडो, त्याला फरक पडत नव्हता.

कोरियाच्या युद्धात हे अक्षरशः दिसलं. ह्वाचॉन धरणाचे दरवाजे फोडायला प्रिन्स्टन जहाजावरची स्कायरेडर 30 एप्रिल 1951 ला बॉम्ब घेऊन गेली, दरवाजे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच विमानं टॉर्पेडो लावून, धरणाच्या पाण्यावर खाली उतरून गेली आणि दरवाजे फुटले.