जखम भरली तरी बैल खांद्याला हात का लावू देत नाही?

तुम्ही लिहिलंय, खांदा आलेल्या, म्हणजे जुवाने खांद्याला सूज-जखम झालेल्या बैलाची जखम महिन्यापूर्वीच भरली, चाराही नीट खातो, तरी जू दिसलं की मान काढून घेतो. वडील म्हणतात, 'सोंग करस तो.'

भाऊ, सोंग नाही. मी चोपडा तालुक्यात गुरांवर उपचार करतो. परवाच अशा एका बैलाच्या खांद्यावर नुसता तळवा टेकवला, दाबलंही नाही. कातडी हाताखाली थरथरली, कान मागे गेले, रवंथ करणं थांबलं. वर जुन्या व्रणाशिवाय काही नव्हतं.

मेंदू मज्जारज्जूला जोडणाऱ्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये, दुखणं वाढवणाऱ्या 'ऑन' आणि दाबणाऱ्या 'ऑफ' पेशी शेजारीशेजारी असतात. दुखण्यावर संशोधन करणारे हॉवर्ड फील्ड्स यांच्या गटाने १९८३ मध्ये उंदरांत नोंदवलं, की चटका बसल्यावर शेपटी झटकण्याच्या अगदी आधी ऑन पेशी पेटतात आणि ऑफ गप्प होतात. सूज किंवा नसेची इजा लांबली की या पेशी इतक्या हळव्या होतात, की साध्या स्पर्शालाही तसंच करतात.

पुढच्या एका प्रयोगाने तर माझी उपचाराची पद्धतच बदलली. नस दुखावलेल्या उंदरांच्या ब्रेनस्टेममध्ये याच जागी लिडोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, सोडलं. सुरुवातीच्या दिवसांत काही फरक नाही. आठवडाभराने सोडलं, तर स्पर्शाचं दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं. दुखणं सुरू होतं नसेतून, पण पुढे ते धरून ठेवतो हा देठ. उंदरांवरचं सगळं बैलाला जसंच्या तसं लावता येत नाही, पण देठाची ही रचना सस्तन प्राण्यांत फार जुनी आहे.

आणि 'चारा खातो' हा पुरावा धरू नका. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की भुकेल्या उंदरात सुजेचं रेंगाळणारं दुखणं दबतं, ताजी कळ मात्र तशीच राहते. भुकेचा निरोप ब्रेनस्टेममधल्याच एका केंद्रात पोचतो. म्हणून गव्हाणीत तोंड घातलेल्या बैलावरून अंदाज बांधू नका. पोट भरून, पाणी पिऊन बसला की मग खांद्यावर हात ठेवा.

औषध डॉक्टरांकडूनच घ्या. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक जनावरांना २००६ पासून बंद आहे, ते दिलेलं जनावर मेल्यावर खाणारी गिधाडं त्याने मरतात. वखरणीला शेजाऱ्याची जोडी मागा, चार दिवस मागे पडलं तरी चालेल. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद्याला हळद-लोणी चोळताना तो मान कशी ढिली सोडायचा, ते वडिलांना आठवत असेल. तेवढी सोडेपर्यंत जू ठेवू नका.