नवरा कारागृह शिपाई आहे, दोन-तीन वर्षांत पार बदललाय. नोकरीचा परिणाम असेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: यजमान कारागृह शिपाई, पोस्टिंग कोल्हापुरात. घरी आले की गप्प, बोलले तर खेकसतात. झोप नाही. लग्नाला, जत्रेला येणं बंद केलंय. सासूबाई म्हणतात नजर लागली, आणि तुम्ही विचारताय की हे नोकरीमुळं होत असेल का, आणि घरच्यांनी काय करायचं.

नोकरीमुळं होऊ शकतं. मी याच खात्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालोय, आता कोल्हापुरातच असतो. राज्यातल्या बऱ्याच कारागृहांत नोकरी केली, त्यामुळं खाली जे सांगतोय ते नेमकं कुठलं ते विचारू नका. मी डॉक्टर नाही. पण खाकीतली माणसं आतून कशी झिजतात ते जवळून पाहिलंय.

बाहेरच्यांना वाटतं, जेलच्या नोकरीत भीती मारामारीची. मारामारी होते, पण ती रोज नसते, आणि झाली की शिट्टी वाजते, माणसं धावतात, प्रकरण मिटतं. रोज असतो तो संशय. बंदी, म्हणजे कैदी, म्हणतो छातीत दुखतंय, खरंच दुखतंय का? मुलाखतीला, म्हणजे कैद्याला भेटायला, आलेल्या म्हातारीच्या पिशवीत काय आहे? हा आज पाया का पडला? एखादा वर्षभर शहाण्यासारखा राहतो आणि एक दिवस त्याच्याच अंथरुणात मोबाईल सापडतो. नोटीस मात्र येते त्या बराकीवरच्या शिपायाला. चांगुलपणा दाखवणारा शिपाई अडकतो आणि खडूस शिपाई सुखरूप राहतो, हे नवीन भरती झालेला पोरगा पहिल्या सहा महिन्यांतच शिकतो.

पुढचा घोळ असा की हे शिकलेलं घरी येताना उतरवता येत नाही. आत जाताना स्वतःचा मोबाईल मेन गेटवर जमा करता येतो, बाहेर येताना संशय तसा जमा करायची सोय नाही. माझा एक सहकारी पोरीच्या दप्तराची झडती घ्यायचा. पोरगी गुणी, काही केलेलं नव्हतं. ‘बाबा, वहीला पैसे पाहिजेत’ म्हणाली की हा आधी तिच्या डोळ्यांत बघायचा, मग खिशात हात घालायचा. बायकोनं एकदा तोंडावर सांगितलं, तर म्हणाला, मी कधी असं करतो? त्याला खरंच कळत नव्हतं.

शिवाय आतली माणसंही दिवसरात्र शिपायाकडंच बघत असतात. त्यांना दुसरं बघायला असतं काय? कोण कर्जात आहे, कुणाची साहेबाशी खटकलीय, कोण तंबाखूला हात पुढं करतो, सगळी बित्तंबातमी त्यांच्याकडं. ‘साहेब, पोरगं यंदा दहावीला ना?’ हे वाक्य रंकाळ्यावर कुणी म्हटलं तर बरं वाटतं. बराकीच्या गजाआडून कुणी म्हटलं की रात्रभर एकच विचार: याला सांगितलं कुणी? त्यानं कदाचित आपुलकीनंही विचारलं असेल. ते ठरवता येत नाही, आणि माणूस पोखरला जातो तो इथंच.

आता तुमचे यजमान लग्नाला का येत नाहीत, त्याबद्दल. मला वाटतं तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, आणि तुम्ही ते शेवटी एका ओळीत लिहिलंय.

मुंबईत नोकरी करणारा शिपाई गर्दीत हरवून जातो. कोल्हापूर तसं नाही. इथं कुणाचा तरी मावसभाऊ, कुणाच्या तरी तालमीतला पोरगा, कुणाच्या तरी गावच्या सरपंचाचा पुतण्या कधी ना कधी आत असतोच. मध्यवर्ती कारागृह कळंब्यात आणि जुनं जेल तर बिंदू चौकात, भर गावात. करवीर, कागल, हातकणंगले, पन्हाळा, जिथं जावं तिथं ओळख निघते. म्हणून लग्नाच्या मांडवात जेवायला बसलं की शेजारी कुणीतरी येऊन बसतो आणि सुरू होतो, ‘आमच्या पाहुण्याकडं जरा बघा की. लई काय नको, एक फोन लावून द्या.’ किंवा तंबाखूचा मावा, किंवा चिठ्ठी आत पोचवा. हो म्हणलं तर नोकरी गेली, आणि एकदा दिलेली पुडी आयुष्यभर मानेवर बसते, कारण घेणारा ती विसरत नाही. नाही म्हणलं तर ‘लई मोठा साहेब झालाय, नात्यातल्याला ओळखंना’ हे गावभर. मग माणूस सोपा मार्ग धरतो, जाणंच बंद करतो. आधी लग्न, मग जत्रा, मग तालमीतलं बसणं, मग शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची मॅच. घरच्यांना वाटतं माणूसघाणा झाला. खरं तर त्याला नाही म्हणायचा कंटाळा आलेला असतो.

पोलिसाला समाजात दरारा तरी असतो. जेलच्या शिपायाला खाकी तीच, भरती जवळपास तशीच, पण गल्लीत ‘पोलीस न्हवं, जेलात असतोय’ असं म्हणतात. चोर पकडल्याची बातमी येते. आतल्या एखाद्या पोराला सहा महिने जिवंत ठेवलं याची बातमी कधी येत नाही.

कामाचा बोजाही समजून घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशभरच्या तुरुंगांत 100 जणांच्या जागेत सरासरी 131 जण होते, आणि दर चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले. पक्क्या कैद्याला शिक्षा ठाऊक असते, तो दिवस मोजत का होईना, बसतो. कच्चा कैदी तारखेवर जगतो. तारीख पुढं गेली, जामीन फेटाळला, वकील आला नाही, घरून कुणी मुलाखतीला आलं नाही, की सगळा राग समोरच्या खाकीवर. 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा बंद्यांमागे एक रक्षक असावा असं लिहिलंय. बराकीवर प्रत्यक्षात काय हिशेब असतो ते यजमानांनाच विचारा, बहुतेक हसतील. मंजूर झालेली रजा बदली माणूस नाही म्हणून रद्द होते. 2020 च्या कोविडमध्ये राज्यातल्या काही कारागृहांना पूर्ण कुलूप लागलं होतं आणि कर्मचारीही आळीपाळीनं आतच मुक्कामाला होते. घरचे बाहेर, हे आत. त्या काळात घट्ट मिटलेली काही तोंडं नंतर उघडलीच नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी यजमान तुम्हाला सांगणार नाहीत. संध्याकाळी बराकींना कुलपं लागली की किल्ल्या जमा होतात. रात्री पहाऱ्यावरच्या शिपायाजवळ किल्ली नसते, आणि त्यामागं सुरक्षेचं योग्य कारण आहे. पण आत कुणाला झटका आला, कुणी स्वतःला इजा करून घेतली, तर गजाबाहेरून बघायचं, ओरडायचं, आणि अधिकारी किल्ली घेऊन येईपर्यंत थांबायचं. ती मिनिटं ज्यानं काढलीत त्याला त्याबद्दल विचारू नये, तोच कधी बोलला तर ऐकावं. कोठडीत मृत्यू झाला की 24 तासांत मानवी हक्क आयोगाला कळवावं लागतं, न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी होते. व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी पाहिलेल्या एका प्रकरणात रात्रपाळीच्या पोराला जो भेटेल तो विचारत होता, झोपला होतास का? त्यानंतर त्याला झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 103 आहे, त्यात कैद्यांच्या मानसिक उपचारांची तजवीज आहे. पहारा देणाऱ्याचा त्या कलमात उल्लेख नाही.

आता काय करायचं ते.

ड्युटीवरून आल्या आल्या ‘काय झालं, चेहरा का असा?’ विचारू नका. चौकशा करणं आणि चौकश्यांना तोंड देणं हेच करून तो आलेला असतो. अंघोळ, चहा, तासभर काही नको. कळंबा तलावाकडं एक चक्कर मारायची सवय लावता आली तर उत्तम, बरोबर तुम्ही असलात तरी मुकाट चाला. चालताना शेजारी शेजारी माणूस बोलतो, समोरासमोर बसवलं की पुन्हा चौकशीच होते.

रात्रपाळीनंतरची झोप ही घरानं सांभाळायची गोष्ट आहे. खोलीत अंधार, पोरं शाळेला किंवा बाहेर, दाराला बेल नको, ‘जरा गॅस सिलेंडर आणून द्या’ नको. झोप सुधारली की चिडचिड पुष्कळ उतरते. झोपेसाठी दारूचा आधार सुरू झाला असेल तर तो आजच्या आज ओळखा. आमच्या लाईनीत ‘एक क्वार्टर घेतली की झोप लागते’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं पुढं काय झालं तेही पाहिलंय.

सगळं नोकरीवर ढकलू नका, शुगर, बीपी, थायरॉईड तपासून घ्या.

मग डॉक्टर. ‘मानसोपचार’ म्हटलं की यजमान उसळतील: खात्यात कळलं तर वेडा ठरवतील, बढती अडेल. त्यांना सांगा की वर सांगितलेल्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 23 नं उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. आरोग्य विमा असेल तर कलम 21 प्रमाणे कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीनं धरावा लागतो. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, आणि सीपीआरला कुणी गेलं तर गल्लीला वाटतं बीपी दाखवायला गेला, हाही फायदाच. तेही नको असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हा नंबर, फुकट, दिवसरात्र सुरू, मराठीत बोलता येतं. पहिला फोन त्यांनीच केला पाहिजे असं काही नाही, तुम्ही करा. तुमचीही झोप गेलेली आहे, ते प्रश्न वाचताना कळतंय.

दोन गोष्टींत मात्र थांबायचं नाही. ‘सगळं संपवून टाकतो’ असं बोलणं, बँकेची कागदपत्रं, विम्याचे पेपर अचानक समजावून सांगणं, जवळच्या वस्तू वाटून टाकणं, यातलं काही दिसलं तर एकटं सोडू नका, सरळ विचारा ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ विचारल्यानं तो विचार येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. लगेच दवाखाना गाठा आणि हत्यारी पहाऱ्यावरून त्यांची ड्युटी बदलून घ्या, टॉवरवर बंदूक घेऊन एकटं उभं राहणं त्या दिवसांत नको. दुसरं, त्यांनी तुमच्यावर किंवा पोरांवर हात उचलला असेल तर ताण हे कारण होऊ शकतं, माफी नाही. 181 हा महिला हेल्पलाईनचा नंबर लिहून ठेवा.

पाहुण्यांचा प्रश्न तुम्ही सोडवू शकता, ते नाही. तुमच्या माहेरी, सासरी आधीच सांगून टाका की यांच्याकडं आतल्या कुणाचा विषय काढायचा नाही. वाईटपणा तुम्ही घ्या. ‘वहिनीच लई कडक आहेत’ असं लोक म्हणाले तर म्हणू द्या. पुढच्या लग्नाला ते येतात का बघा.

आणि नोकरी सोडायचा सल्ला मी देत नाही. आतल्या आत कामाची जागा बदलली तरी माणूस सावरतो, हे मी पाहिलंय. बराकीवर बंदी नुसता बसलेला असतो, कारखान्यात तो काहीतरी करत असतो: सुतारकाम, शिवण, विणकाम. कळंब्यातल्या महिला बंदी काही वर्षं अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळत होत्या, ते तुम्हाला ठाऊक असेलच. हातात काम असलेल्या माणसावर पहारा देणं आणि हात रिकामा असलेल्यावर देणं यात फार फरक आहे. कारखाना, मुलाखत, कार्यालय, जिथं मिळेल तिथं काही महिने ड्युटी मागायला लावा. तोंडी मागू नका. अर्ज अधीक्षकांच्या नावे, कारणात ‘कौटुंबिक अडचण’ असलं गुळमुळीत न लिहिता झोपेचा त्रास आणि उपचार सुरू आहेत एवढंच, सोबत डॉक्टरांचा कागद, आणि आवक-जावकमध्ये देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. ती प्रत घरी, तुमच्याजवळ.