खर्च जास्त, गुण कमी?

प्रश्न : न्यू जर्सीत घर बघतोय, मुलगी पुढच्या वर्षी नववीत जाईल. एकाच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागात) दोन सरकारी हायस्कुलं आहेत. एका शाळेत दर विद्यार्थ्यामागे खर्च जास्त, पण गणिताचे निकाल कमी. दुसरीचं नेमकं उलट. मग पैसा मुरतो कुठे?
– एक पालक

उत्तर : मुरत नाही हो, पगारात जातो. मी अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलात २२ वर्षं बीजगणित शिकवलं. माझ्या एका वर्गात एका मुलाशेजारी दिवसभर मदतनीस बाई बसायच्या. अपंग मुलांच्या शिक्षणासाठीच्या १९७५च्या कायद्यानं त्याला तो हक्क होता, आणि बाईंचा पगार शाळेच्या खर्चात धरला जायचा. गरीब घरांतली मुलं जास्त असतील तिथे १९६५च्या कायद्यातला ‘टायटल वन’चा केंद्रीय निधी येतो, तोही त्यातच. म्हणजे अडचण आधी, पैसा मागाहून. औषधांचं बिल मोठं दिसलं म्हणून औषधानंच माणूस आजारी पडला, असं आपण म्हणत नाही ना! उलट कधी कधी खर्चाचा आकडा फुगतो तो फक्त जुन्या, वरच्या पगाराच्या शिक्षकांमुळे.

निकालांचंही तसंच. ग्वाटेमालाहून दीड वर्षापूर्वी आलेला एक मुलगा फळ्यावर समीकरणं झरझर सोडवायचा. चाचणीत मात्र इंग्रजीतलं शाब्दिक उदाहरण कोरं. ‘डिस्काउंट’ म्हणजे काय, हेच त्याला माहीत नव्हतं. शाळेच्या टक्केवारीत तो ‘अप्रवीण’.

घरची परिस्थिती गुणांवर किती परिणाम करते, ते अमेरिकेतल्या शाळांची पाहणी करणाऱ्या १९६६च्या कोलमन अहवालानं दाखवलं. त्यावरून ‘पैशानं काही होत नाही’ म्हणणारे मला पटत नाहीत. त्या मदतनीस बाई रजेवर असल्या की माझा तास कसा जायचा, ते मला विचारा.

२०१५च्या कायद्यामुळे प्रत्येक शाळेचा दरडोई खर्च जाहीर करावाच लागतो. न्यू जर्सीच्या ‘स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट’मध्ये तो सापडेल. तिथेच एकूण सरासरी सोडून गटवार निकाल बघा, दोन्ही शाळांतल्या सारख्या परिस्थितीतल्या मुलांचे. मग सतत गैरहजर राहणाऱ्यांचं प्रमाण. मी तर आधी तेच बघते.

आणि घराचा पत्ता कोणत्या हायस्कुलाच्या हद्दीत येतो, ते डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात विचारून घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर सही करू नका.