राजीनाम्याचा मसुदा वाचला

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'कामात मन लागत नाही' असं तीन ठिकाणी लिहिलंयस, पण कामाबद्दल एक ओळही नाही. सगळी तक्रार माणसांची. मीटिंगला बोलावलं नाही, मेलच्या सीसीत साहेबांना घातलं, तू आलास की बोलणं थांबतं. मग कंटाळा नक्की कशाचा आलाय?

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारलं होतं, नोकरीत फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी. बरं वाटल्याच्या आठवणी काम फत्ते झाल्याच्या, कुणी दखल घेतल्याच्या होत्या. वरिष्ठांशी, सहकाऱ्यांशी बिनसल्याच्या गोष्टी निघाल्या त्या वाईट आठवणींत. म्हणून त्याने नातेसंबंध असमाधानाच्या खात्यात टाकले. या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली. मलाही ती अर्धीच पटते. दखल घेणार कोण? माणूसच ना!

पहिल्या नोकरीत मी एका तक्त्यात एक शून्य जास्त टाकलं आणि तो आकडा पार वरपर्यंत गेला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी खुर्ची ओढली. "सरका जरा, कुठून बिघडलंय बघू." दीड तास बसल्या, दुसऱ्या दिवशी कुणाला चकार शब्द बोलल्या नाहीत. पगार बेताचाच होता, तरी मी तिथे सहा वर्षं टिकलो ते बरंचसं त्या खुर्चीमुळे.

सगळ्यांशी गोडीगुलाबीने राहा, असं मी सांगणार नाही. जिवलग मित्र तर ऑफिसात मिळायलाच हवेत असं नाही. "मला हे येत नाही" हे ज्याच्यापुढे बिनधास्त कबूल करता येईल, असं एक माणूस तिथे आहे का, ते बघ.

आणि त्या सीसीला मेलनेच उत्तर देत बसू नकोस. आसपास कुणी नसताना, ज्याने साहेबांना सीसीत घातलं त्याच्या टेबलापाशी जा आणि सरळ विचार, "पुढच्या वेळी आधी मला सांगशील का?" पुष्कळदा समोरच्याच्या ध्यानीमनीही नसतं. मुद्दाम केलेलं असेल, तर तेही तिथेच कळेल.

साहेब चारचौघांत अपमान करत असतील, तर मात्र समजूतदारपणा पुरे. तारखेनिशी लिहून ठेव आणि दुसरीकडे अर्ज कर.

राजीनाम्याचा मसुदा ठीक आहे. तिसऱ्या ओळीतला 'मनस्ताप' तेवढा काढ. पाठवू मात्र नकोस अजून. सीसीवाल्याशी बोलणं झालं की फोन कर.

तुझा,
काका