'न्यू स्प्रिंग' आधी वाचू की नंतर? आणि जुने वाचक तिला इतकी नावं का ठेवतात?

तुमची रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम' या फँटसी कादंबरीमालिकेची पहिली दोन पुस्तकं वाचून झाली आहेत. 'न्यू स्प्रिंग' ही तिची प्रीक्वेल, म्हणजे त्याआधीच्या काळाची कथा, आता घ्यावी का, आणि ती कंटाळवाणी आहे असं जुने वाचक का म्हणतात, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: आत्ता नको, पाचवं पुस्तक संपलं की घ्या. दुसऱ्यासाठी जरा सविस्तर लिहिते, कारण या पुस्तकावर मनापासून जीव आहे माझा.

मी सोलापूरची, पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि दिवसरात्र कानाशी यंत्रमागांचा खडखडाट. वडील चादरीच्या मागावर होते, आई विड्या वळायची. रॉबर्ट जॉर्डनच्या त्या जगात काळ म्हणजे एक चाक आणि माणसांची आयुष्यं म्हणजे धागे. ते चाक धाग्यांतून युगांचं वस्त्र विणतं. जादूसुद्धा पृथ्वी, वायू, अग्नी, जल आणि आत्मा अशा पाच धाग्यांची वीणच असते. कॉलेजातल्या मैत्रिणींना हे समजून घ्यायला दोन-तीन पुस्तकं लागली. मला पहिल्याच पुस्तकात घरी आल्यासारखं वाटलं.

आता नाराजीकडे वळते. मैत्रिणीचा मोठा भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला होता आणि ही मालिका निघेल तशी वाचत होता. मला पहिली पुस्तकं दिली तीही त्यानंच. 2000 च्या अखेरीस नववं पुस्तक आलं, त्याचा शेवट जबरदस्त आहे. मग दोन वर्षं वाट पाहून जानेवारी 2003 मध्ये दहावं आलं, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट'. त्या जाडजूड पुस्तकाचा मोठा भाग नवव्याच्या शेवटाच्या आसपासच्याच दिवसांत घडतो. एकेक पात्र दूरवरून तीच घटना जाणवून घेतं आणि कथा जागची फारशी हलत नाही. वाचक आधीच वैतागले होते. त्यात जानेवारी 2004 मध्ये नवीन पुस्तक आलं तेव्हा ते अकरावं नव्हतंच, वीस वर्षं मागे जाणारं 'न्यू स्प्रिंग' होतं. दादा मला म्हणाला होता, "भुकेल्या माणसाला आदल्या दिवशीच्या जेवणाचं वर्णन ऐकवल्यासारखं झालं."

तक्रारीला आणखी एक कारण होतं, आणि ते रास्त होतं. हीच कथा 1998 मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी संपादित केलेल्या 'लेजंड्स' या संग्रहात लघुकादंबरी म्हणून येऊन गेली होती. 2004 ची कादंबरी म्हणजे तिचाच वाढवलेला अवतार. ज्यांनी संग्रह विकत घेतला होता त्यांना शेवट ठाऊक होता, आणि तरी पूर्ण किंमत मोजावी लागली. अकरावं पुस्तक, 'नाइफ ऑफ ड्रीम्स', ऑक्टोबर 2005 मध्ये आलं आणि तोवर हा राग मुरला. तेव्हाचे अभिप्राय वाचताना एवढं ध्यानात ठेवा, की ती माणसं वाट पाहून थकलेली होती.

तुम्हाला ती वाट पाहायची नाही. मूळ मालिका चौदा पुस्तकांची, 1990 ते 2013. जॉर्डन 16 सप्टेंबर 2007 ला गेले. शेवटची तीन पुस्तकं त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केली, आणि त्यांना निवडलं जॉर्डन यांच्या पत्नीनं, हॅरिएट मॅकडूगल यांनी. त्याच त्यांच्या संपादकही होत्या. आज कुणीही सगळी पुस्तकं सलग वाचू शकतो, म्हणून नव्या वाचकांचं मत बरंच वेगळं आहे. माझ्या ओळखीत ज्यांनी 2013 नंतर मालिका सुरू केली, त्यांतल्या एकालाही 'न्यू स्प्रिंग'चा राग आलेला नाही. कंटाळा मात्र एकाला आला. तो माझा धाकटा भाऊ, आणि त्याच्या कंटाळ्यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

याद्यांमध्ये या पुस्तकाला शून्य क्रमांक देतात, म्हणून त्यानं सुरुवातच तिथून केली. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाला, "अक्का, यात नुसती पोरांची नावं लिहून घेतात, दुसरं काही होत नाही."

तो म्हणत होता तो प्रसंग असा. आयल या लढवय्या लोकांशी चाललेल्या युद्धाचे शेवटचे दिवस आहेत. टार व्हॅलन हे एस सेडाईंचं, म्हणजे जादू जाणणाऱ्या स्त्रियांच्या संघाचं शहर. तिथं एका रात्री मोरेन आणि सुआन या दोन तरुण मुली, अजून पूर्ण एस सेडाईही न झालेल्या, संघाच्या प्रमुखाच्या, आमर्लिनच्या, खोलीत कामावर असतात. तिथं गितारा नावाची वृद्ध स्त्री भविष्यवाणी उच्चारते, की ड्रॅगन, म्हणजे शेवटची लढाई लढायला परत येणार असलेला नायक, पुन्हा जन्मला आहे, शहराजवळच्या ड्रॅगनमाउंट डोंगराच्या उतारावर. ती बोलते आणि तिथंच प्राण सोडते. या रात्रीची आठवण तुम्ही दुसऱ्या पुस्तकात वाचली आहे, फाल डारामध्ये मोरेन आणि सुआन एकांतात भेटतात तेव्हा. प्रीक्वेलमध्ये आपण त्या खोलीत उभे असतो. मग आमर्लिन एक युक्ती करते. युद्धाच्या दिवसांत शहराच्या आसपास ज्या ज्या बाईनं मूल जन्माला घातलं, तिला शंभर सोन्याची नाणी बक्षीस जाहीर करते आणि नावं नोंदवायला शिकाऊ मुलींना छावण्यांत पाठवते. बर्फ पडलंय, बायका तान्ही मुलं घेऊन रांगेत उभ्या आहेत, आणि मोरेन एकेकीला विचारते: बाळाचं नाव काय, जन्म कधीचा, कुठं झाला?

भावाला ही नुसती यादी वाटली. पण तुम्ही पहिली दोन पुस्तकं वाचली आहेत. ते मूल त्या रांगेत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. ड्रॅगनमाउंटच्या उतारावर टॅमनं, ज्यानं पुढं त्याला बापासारखं वाढवलं, त्याला उचललं आणि तो त्याला घेऊन आपल्या गावाकडच्या, टू रिव्हर्सच्या, वाटेला लागला. मोरेन पानामागून पान भरते, आणि ती ज्याला शोधतेय त्याचं नाव त्या पानांवर कधीच येणार नाही. त्याच्यापर्यंत पोचायला तिला वीस वर्षं लागणार आहेत. हे माहीत असताना ते प्रकरण वाचणं आणि माहीत नसताना वाचणं, ही दोन वेगळी पुस्तकं आहेत.

मी ते प्रकरण सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये वाचलं, पुण्याला जाताना. पुस्तक मिटून कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसले. आई वळलेल्या विड्या टोपलीत घेऊन कारखान्याच्या शाखेत जायची तेव्हा मी तिच्याबरोबर अशीच रांगेत उभी राहिले आहे. पुढं टेबलामागं बसलेला माणूस वर न बघता नाव विचारायचा आणि वहीत लिहायचा. मोरेन मात्र वर बघते. आपण कुणाची नावं लिहितोय हे तिला दिसतं, आणि राजघराण्यात वाढलेल्या त्या मुलीत तिथं काहीतरी हलतं. पहिल्या पुस्तकातली थंड, हिशेबी मोरेन मला तेव्हापासून वेगळी दिसायला लागली.

यावरूनच कळेल की सुरुवात 'न्यू स्प्रिंग'नं का करू नये. पहिल्या पुस्तकात मोरेन आणि तिचा रक्षक योद्धा लॅन एमंड्स फील्ड या खेड्यात परके म्हणून येतात. ती गावातल्या पोरांच्या हातावर एकेक नाणं ठेवते, आणि ही बाई भली की घातकी हे आपल्याला कितीतरी पानं कळत नाही. पोरांना जशी तिची भीती वाटते तशी आपल्यालाही वाटली पाहिजे. प्रीक्वेल आधी वाचलेल्याला ती वाटत नाही, त्याला तिचं सगळं आधीच माहीत असतं.

सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेच्या वाचकांमध्येही हा वाद जुना आहे. 'द मॅजिशियन्स नेफ्यू' 1955 मध्ये आलं, सातांपैकी सहावं, पण कथेच्या काळानुसार पहिलं. 1994 पासून प्रकाशकांनी त्यालाच एक क्रमांक देऊन टाकला. त्या क्रमाच्या बाजूनं लुईस यांनी 1957 मध्ये एका मुलाला लिहिलेलं पत्र पुढं करतात, पण त्याच पत्रात त्यांनी क्रमाचं फारसं महत्त्व नसेल असंही म्हटलंय. मला ते पटत नाही. 1950 च्या पुस्तकात एक लहान मुलगी कपाटातून बर्फाळ जंगलात पोचते आणि झाडांमध्ये एकटा दिव्याचा खांब जळत असतो. तो तिथं कसा आला, हे कुणी सांगत नाही. ते कोडं मनात घेऊन पाच पुस्तकं फिरलेल्या वाचकालाच सहाव्यातलं उत्तर गोड लागतं.

वडील मागावरचा बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपला की नवा जोडायचे, ते मी लहानपणी तासन् तास बघितलंय. जुन्या ताण्याची टोकं मागावर तशीच ठेवायची आणि नव्या बीमाचा एकेक धागा त्या टोकाला गाठ मारून सांधायचा, असे शेकडो धागे. एक जरी भलत्याला जोडला गेला तर चादरीत लांबच्या लांब रेघ उमटते. प्रीक्वेल लिहिणाऱ्याचं काम मला तसंच वाटतं, फक्त उलट्या दिशेनं. पुढचं कापड आधीच विणून लोकांच्या घरी पोचलेलं असतं आणि आता मागची टोकं सांधायची असतात. जॉर्डन यांनी ते बहुतेक ठिकाणी फार हळुवार हातानं केलंय. एस सेडाई झाल्याची खूण म्हणजे शाल, ती मिळण्याआधीच्या परीक्षेत मोरेनला ठरलेल्या क्रमानं जादूच्या शंभर विणी करायच्या असतात, मन विचलित करणारं काहीही समोर आलं तरी चेहऱ्यावरची शांतता ढळू न देता. ही पानं लांबली असं अनेक जण म्हणतात. पण मोरेनच्या चेहऱ्यावर कधी काही का दिसत नाही, याचं उत्तर तिथंच मिळतं.

एक तक्रार मात्र मलाही मान्य आहे. टार व्हॅलनमधला भाग ऐसपैस आहे आणि त्यापुढं लॅनच्या वाट्याला फार कमी येतं. दोघांची पहिली भेट सुंदर आहे. ती त्याला चकित करायला मागून जाते आणि तो तिला सरळ तळ्यात फेकतो. पण त्यानंतर कॅंडोर राज्याच्या राजवाड्यातला शेवट घाईघाईत उरकलाय. लघुकादंबरी वाढवताना सुरुवात वाढली आणि शेवट तेवढाच राहिला, असं मला दोन्ही वाचनांत वाटलं.

जॉर्डन यांच्या मनात आणखी दोन प्रीक्वेल होत्या, एक टॅमवर आणि एक मोरेन-लॅनच्या पुढच्या शोधावर. त्या राहूनच गेल्या. हिंदीत देवकीनंदन खत्री यांचंही असंच झालं. 'चंद्रकांता संतति'नंतर ते त्यातल्या भूतनाथ या पात्राच्या पूर्वायुष्याची कथा लिहीत होते, ती अर्धी सोडून 1913 मध्ये गेले, आणि पुढं त्यांच्या मुलानं ती पुरी केली. मला टॅमवरचं पुस्तक हवं होतं. बर्फात सापडलेलं मूल कुशीत घेऊन तो माणूस घरापर्यंत कसा पोचला असेल, हे जॉर्डन यांच्याच हातून वाचायचं होतं.

राहता राहिलं, पाचव्यानंतरच का? ते आत्ता सांगितलं तर पाचव्या पुस्तकाचा शेवट बिघडेल, म्हणून सांगत नाही. तो संपवाल त्या रात्री तुम्हाला मोरेनच्या आणखी थोडं सोबत राहावंसं वाटेल, तेव्हा 'न्यू स्प्रिंग' उघडा. छावणीचं प्रकरण आलं की सावकाश वाचा. धाकट्यानं मागच्या संक्रांतीला, सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या सुट्टीत, ते तसंच पुन्हा वाचलं आणि रात्री अकरा वाजता मला फोन केला. तुमचं वाचून झालं की याच उत्तराखाली लिहा, लॅनबद्दल मला अजून बरंच बोलायचंय.