पुढची चाकं थरथरतात, स्टॅबिलायझर बदलू का?

प्रश्न: गाडीला पुढे सॉलिड अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड आस) आणि कॉइल स्प्रिंग आहेत. ताशी ७०-८० किलोमीटरला रस्त्यातला एखादा सांधा किंवा खड्डा लागला की स्टिअरिंग दोन्हीकडे जोरात हिसके मारू लागतं आणि वेग पार उतरेपर्यंत थांबत नाही. स्टिअरिंग स्टॅबिलायझर गेलाय, नवा टाका, असा सल्ला मिळाला आहे. टाकावा का?

उत्तर: टाकलात तर थरथर बहुधा कमी होईल, आणि गोची तिथेच आहे. स्टॅबिलायझर म्हणजे आडवा बसवलेला शॉक अॅब्सॉर्बर. त्याचं एक टोक अॅक्सलला किंवा चासीला असतं आणि दुसरं टाय रॉडला किंवा ड्रॅग लिंकला, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांना. आतला दट्ट्या तेलातून सरकतो. झटका जितका वेगवान, तितका तो जास्त अडवतो; सावकाश ढकललं तर फारसा विरोध करत नाही. म्हणजे चाकं सरळ धरून ठेवणं हे त्याचं काम नाहीच. तो फक्त धक्का गिळतो. ढिल्या सांध्यातून येणारे हिसके नवा स्टॅबिलायझर काही महिने गिळत राहील. तेवढ्या काळात तो सांधा आणखी झिजेल, स्टॅबिलायझरही दमेल आणि थरथर पुन्हा सुरू होईल. सगळे सांधे घट्ट असलेली, स्टॉक टायरची गाडी स्टॅबिलायझर काढूनही साध्या रस्त्यावर सरळ चालायला हवी.

प्रश्न: मग तपासायचं काय, आणि कुठून सुरुवात करायची?

उत्तर: फुकटातल्या गोष्टींपासून. आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. चिखलातून आल्यावर तिथे वाळलेलं ढेकूळ चिकटून राहतं आणि चाकाचं बॅलन्सिंग बिघडवतं. ते खरवडून काढा. ऑफरोडसाठी कमी केलेली टायरची हवा परत भरली आहे का, तेही बघा. मग पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून तोच रस्ता घ्या. थरथरीत स्पष्ट फरक पडला तर दोष टायर, रिम किंवा बॅलन्सिंगमध्ये आहे.

फरक नाही पडला तर ट्रॅक बार, म्हणजे पॅनहार्ड रॉड. अॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा दांडा हा एकच, आणि या तक्रारीत बहुतेकदा हाच गुन्हेगार निघतो. तपासायला दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागेवर, चारही चाकं जमिनीवर, हॅण्डब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना उटी. इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग घड्याळातल्या १० ते २ एवढंच भराभर डावी-उजवीकडे हलवायचं. दुसऱ्याने ट्रॅक बारच्या टोकावर बोट असं ठेवायचं की निम्मं बोट बुशवर (दांड्याच्या टोकातल्या रबरी नळीवर) आणि निम्मं ब्रॅकेटवर येईल. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. बार हलतोय पण ब्रॅकेट स्थिर, असं जाणवलं की बुश तरी गेलंय किंवा बोल्ट तरी ढिला आहे. बोल्टच्या डोक्याभोवती रंग घासून चकचकीत कडं पडलं असेल किंवा गंजाची तांबूस भुकटी दिसत असेल, तर बोल्ट भोकात खेळतोय हे पक्कं. तो काढून भोक बघा. लंबगोल झालं असेल तर नुसता आवळून उपयोग नाही; ब्रॅकेट दुरुस्त करावं लागेल किंवा जाड वॉशर वेल्ड करून भोक मूळ मापाचं करावं लागेल.

बोल्ट आवळायचा तो टॉर्क पान्यानेच, आणि गाडीचं वजन चाकांवर असताना. लटकत्या अॅक्सलवर आवळला तर गाडी खाली येताच रबरी बुश पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या; अंदाजासाठी, जीप रँगलर जेकेच्या ट्रॅक बारला १२५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १७० न्यूटन-मीटर लागतात.

त्याच हालचालीत टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक आणि स्टिअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट पाहून घ्या. मग अॅक्सल जॅकवर उचला, खाली घोडी लावा आणि चाक वर-खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, सापडला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग. तसाच राहिला तर बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो सांधा), किंवा ज्या गाड्यांत असतात तिथे किंगपिनची बेअरिंग.

प्रश्न: २ इंच लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं) आणि मोठे टायर टाकल्यावरच हे सुरू झालं. सांधे सगळे घट्ट आहेत.

उत्तर: कास्टर मोजून घ्या. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते, तेच हे. चाक ज्या रेषेभोवती वळतं ती बाजूने पाहता मागे झुकलेली हवी. सॉलिड अॅक्सलच्या गाड्यांत हा झुकाव साधारण ४ ते ७ अंश असतो. लिफ्टमुळे कंट्रोल आर्म, म्हणजे अॅक्सलला चासीशी जोडणारे दांडे, जास्त तिरके होतात, अॅक्सल फिरतो आणि कास्टर घटतो. खालचे आर्म थोडे लांब केले की तो परत मिळतो. मात्र त्याच फिरण्यात डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यावर कोन वाढतो, म्हणून हवे तेवढे अंश वाढवता येत नाहीत.

लिफ्टने अॅक्सल एका बाजूलाही सरकतो. त्यासाठी अॅडजस्टेबल ट्रॅक बार लागतो. तो आणि ड्रॅग लिंक समोरून पाहता एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत, नाहीतर प्रत्येक उंचवट्यावर स्टिअरिंग आपोआप वळेल. टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडं किती आत वळलेली आहेत, घरीही मोजता येतो: टायरच्या मधल्या रेषांमधलं अंतर हबच्या उंचीवर पुढून आणि मागून टेपने घ्या. पुढचं माप १.५ ते ३ मिलिमीटर कमी असावं.

प्रश्न: मग दोन स्टॅबिलायझर लावले तर?

उत्तर: नको. स्टिअरिंग जड होतं, वळणानंतर सरळ यायला आळस करतं आणि झिजलेला सांधा दुप्पट काळ लपून राहतो.

प्रश्न: म्हणजे स्टॅबिलायझर काढूनच टाकायचा?

उत्तर: तसंही नाही. ३३-३५ इंची जड टायर असतील, दगडधोंड्यांतून जाणं असेल, तर चाकाला बसलेला फटका थेट हातात आणि स्टिअरिंग बॉक्समध्ये जाऊ नये म्हणून एक चांगला स्टॅबिलायझर हवाच. फक्त तो सगळ्यात शेवटी लावायचा.

जुना चांगला आहे का हे पाहायला एक टोक सोडवून दांडा हाताने पूर्ण आत-बाहेर करा. विरोध सलग जाणवला पाहिजे. मध्येच पोकळ जागा लागली किंवा सीलपाशी तेल ओघळलेलं असेल तर तो संपला. नवा बसवताना चाकं सरळ असताना दांडा आपल्या चालीच्या मध्यावर हवा. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा: चाकं अॅक्सलवरच्या स्टॉपला टेकण्याआधी स्टॅबिलायझर संपता कामा नये, नाहीतर तो वाकेल किंवा ब्रॅकेट उखडेल. गॅस भरलेला प्रकार घेतलात तर त्याचा दांडा सतत बाहेर ढकलला जातो, त्यामुळे काही गाड्या किंचित एका बाजूला ओढतात. ते अलाइनमेंटचं दुखणं समजून टो बिघडवून बसू नका.

प्रश्न: चालू गाडीत हिसके सुरू झाले तर काय करावं?

उत्तर: स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, पण अंगठे आऱ्यांत अडकवू नका. हिसक्यांशी कुस्ती खेळू नका. अॅक्सिलरेटर सोडा, हळूहळू वेग उतरवा, करकचून ब्रेक मारू नका. बाजूला थांबून पुढच्या चाकांचे नट आणि ट्रॅक बारचे दोन्ही बोल्ट हाताने चाचपा. एखादा बोटांनी फिरत असेल तर तो आवळल्याशिवाय गाडी हलवू नका.

प्रश्न: इंडिपेंडंट सस्पेन्शनची (प्रत्येक चाक स्वतंत्र वर-खाली होणारी) गाडी आहे, स्टिअरिंग फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरतं.

उत्तर: हे दुखणं वेगळं. ब्रेक डिस्कची जाडी सगळीकडे सारखी आहे का ते मायक्रोमीटरने परिघावर ७-८ ठिकाणी मोजा आणि हबवर डिस्क बसते तिथला गंज घासून काढा. स्टॅबिलायझरचा यात काही संबंध नाही.